चाच्यांच्या बैठकीतले आंग्रे

(पडदा काळोखा. मेणबत्त्या पेटतात. लांबलचक टेबल, भोवती दाटीवाटीने बसलेली माणसं.)

समुद्री चाच्यांच्या नऊ म्होरक्यांची बैठक भरली आहे. कुणी फ्रेंच, कुणी स्पॅनिश, एक आंधळी चिनी बाई. आणि त्यांच्यात एक दाढीवाला, पागोटंवाला हिंदुस्थानी. स्वतः तोंड उघडत नाही, दोन हुजरे त्याच्या वतीने बोलतात. त्याचं नाव, श्री संभाजी.

हा संभाजी तिथे कसा पोहोचला, ते बघायचंय. पण आधी सिनेमा.

(दृश्य : बंदरात उभं काळ्या शिडांचं जहाज.)

चाच्यांचे सिनेमे हॉलिवूडमध्ये बुडीत धंदा मानले जायचे. २००३ साली डिस्नेने आपल्या बागेतल्या १९६७ पासूनच्या एका राइडवरून सिनेमा काढला, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन', आणि तो तुफान चालला. मग काय, ठरलं : पुढचे दोन भाग एकदमच उरकायचे. दिग्दर्शक तेच, गोर व्हर्बिन्स्की. २००५ मध्ये कॅमेरा सुरू झाला तेव्हा पटकथा पूर्ण व्हायची होती. लग्न लागलं, मांडव नंतर, असा प्रकार. त्यात ऑक्टोबरमध्ये विल्मा चक्रीवादळ बहामात घुसलं आणि काम थांबलं.

(दृश्य : राखाडी कपड्यांतला नट, चेहऱ्यावर ठिपके.)

हा इंग्लिश नट बिल नाय (Bill Nighy). तोंडाला ऑक्टोपसचे पाय लोंबणारा डेव्ही जोन्स तो हाच. पडद्यावर त्याचं एक बोटही खरं नाही, सगळं संगणकावर चढवलेलं. तरी अनेकांना तो मेकअपच वाटला. दुसऱ्या भागाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

तिसरा भाग 'ॲट वर्ल्ड्स एंड', २००७ चा. सुरुवातीची बैठक याच भागातली. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. शेवटी भोवऱ्यात दोन जहाजं एकमेकांवर तोफा डागत फिरतात ना? ती लढाई समुद्रात झालीच नाही. कॅलिफोर्नियातल्या पामडेलमध्ये विमानांच्या हँगरात जहाजं यंत्रांवर चढवली, वरून पावसाच्या धारा सोडल्या आणि भोवरा मागाहून संगणकावर काढला.

कमाई सुमारे ९६ कोटी डॉलर, त्या वर्षात जगात सगळ्यात जास्त. समीक्षक मात्र वैतागले. पावणेतीन तास, आणि कोण कुणाला कधी दगा देतोय याचा हिशेब ठेवता ठेवता पॉपकॉर्न संपतात. चीनमध्ये तर हाँगकाँगचा नट चाऊ युन-फॅट याने केलेल्या चिनी चाच्याची दृश्यं कापली गेली. चिनी माणूस असा दाखवायचा नाही, अशी तिथली तक्रार.

(दृश्य : विजयदुर्ग, तटाला आपटणाऱ्या लाटा.)

आता आपले संभाजी. कान्होजी आंग्र्यांचे चिरंजीव, मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. आंग्र्यांच्या समुद्रातून जायचं तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं, नाहीतर जहाज जप्त. हाच नियम इंग्रज आणि पोर्तुगीज स्वतःही चालवत होते. त्यांनी केला की कायदा, आंग्र्यांनी केला की चाचेगिरी! १७३५ मध्ये याच संभाजींनी ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' नावाचं मोठं जहाज पकडलं. कंपनीच्या कागदांत आंग्रे म्हणजे 'अँग्रिया द पायरेट', आणि इंग्रजी पुस्तकांतून तेच पुढे रुळलं. हॉलिवूडला चाच्यांचं एखादं हिंदुस्थानी नाव हवं झालं, तर ते तयारच होतं.

संभाजी काही साधुपुरुष नव्हते. सावत्र भाऊ मानाजीशी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून त्यांचं हाडवैर, पेशव्यांशीही वाकडं. सिनेमाला हवं तेवढं नाट्य त्या एका घरातच होतं. त्यातलं काहीच पडद्यावर आलं नाही. एका इराणी-अमेरिकन नटाला पागोटं घालून बसवलं, बस्स.

(पुन्हा बैठक. हुजरे बाजूला होतात.)

शेवटी युद्धाचा कौल लागतो. श्री संभाजी उभे राहतात, पहिल्यांदाच स्वतः बोलतात, 'मग युद्धच.'

आवाज असा पातळ, चिरका, की थिएटरात हशा पिकावा.