16 तास: किमान की कमाल?

समोर निम्मे तरी प्राध्यापक बसले आहेत, तेव्हा 48 मिनिटांचं लेक्चर म्हणजे काय ते समजावत बसत नाही. आठवड्याला 20 लेक्चर्स म्हणजे बरोबर 16 तास. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन तेवढंच आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांचं 14 तास. माझं म्हणणं असं, की हे तास कमाल मर्यादा म्हणून नेमणूकपत्रात लिहून मिळाले पाहिजेत.

त्याआधी त्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल बोलू द्या. माझ्याही पत्रात ती होती: ‘प्राचार्य वेळोवेळी सांगतील ती इतर कामे.’ कॉलेजचं नाव घेत नाही. पण त्या ओळीत काय काय मावलं! जूनमध्ये प्रवेश समिती, मग एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर, मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून पाच वर्षांच्या फायली. एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा त्यांची लेक्चर्स आम्हा दोघांत वाटली गेली, कारण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, कुणाला घ्यायची मंजुरीच आली नाही. वर बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीची लेक्चर्स. तो विभाग विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेला, म्हणून ती ‘वर्कलोडमध्ये धरायची नाहीत’! वर्गात उभं राहून शिकवलेला तास कागदावर नाहीच. सकाळी सातचं लेक्चर गाठायला बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारा माझा मित्र संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसायचा, आणि नातेवाईक त्याला म्हणायचे, ‘तुमची काय, दिवसाला चारच लेक्चर्स!’ हे ऐकलं नाही असा एकजण तरी इथे असेल तर हात वर करा. बघा, एकही नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

एका तुकडीत 120 मुलं. चार-चार लेक्चर्सच्या पाच तुकड्या म्हणजे 600 मुलं. प्रत्येकाची एक असाइनमेंट दहा मिनिटांत तपासली तरी 100 तास होतात. म्हणून तासांबरोबर विद्यार्थिसंख्येवरही मर्यादा हवी.

दुसरं, 2016 मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकांचे 16 चे 24 तास करून पाहिले, त्यांतले सहा ट्युटोरियलचे. देशभर आंदोलनं झाली, मागे घ्यावं लागलं. भीती पदांची होती. आपल्याकडे पदं वर्कलोडवर, म्हणजे शिकवायच्या एकूण तासांवर, ठरतात. माणशी तास वाढले की पदं घटतात. रिकाम्या जागेचे तास उरलेल्यांनी मुकाट उचलले तर ती जागा भरायची निकड कुणाला वाटणार? आणि तासिका तत्त्वावरच्या तरुणांनी आणखी किती वर्षं थांबायचं?

नेमणुकीच्या करारात तीन गोष्टी हव्यात: अनुदानित-विनाअनुदानित सगळे तास एकाच हिशेबात, 16 च्या वरच्या तासांना लेखी संमती, आणि त्यांचा मोबदला किंवा पुढच्या सत्रात तेवढी सूट.

सोमवारपासून प्रत्येकाने आपल्या तासांची तारीखवार नोंद ठेवा, ‘इतर कामे’ धरून. सत्र संपलं की ती संघटनेकडे द्या. व्यवस्थापनासमोर बसताना आम्हाला ती लागणार आहे.