मेडिनासोबत मुंबईत आलेल्या चार चिलखती क्रूझर

2 डिसेंबर 1911 ला पंचम जॉर्ज राजा आणि मेरी राणी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले आणि त्याची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया बांधलं, एवढं आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहिती असतं. ती दगडी कमान तेव्हा तिथं नव्हतीच, पायाभरणी 1913 ची आणि उद्घाटन 1924 चं. पण आज कमान बाजूला ठेवू, मला बोलायचंय त्या दिवशी बंदरात आलेल्या जहाजांबद्दल. राजा आला तो पी अँड ओ कंपनीच्या मेडिना नावाच्या कोऱ्या करकरीत बोटीतून, पांढरीशुभ्र रंगवलेली, राजाचं निशाण फडकवायला मुद्दाम तिसरी डोलकाठी बसवलेली, आणि तिच्या सोबतीला रॉयल नेव्हीच्या चार चिलखती क्रूझर होत्या. आर्गाइल, नेटाल, कॉक्रन आणि डिफेन्स.

यानंतर सात वर्षांच्या आत ही पाचच्या पाच जहाजं गेली. पाचांपैकी एकच शत्रूच्या तोफांनी बुडालं, बाकीच्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि मला वाटतं ती कारणं या जहाजांच्या ड्रॉइंगमध्ये बरीचशी आधीच दिसतात, म्हणून आज ड्रॉइंग उघडून बसू.

आधी चिलखती क्रूझर म्हणजे काय ते बघू. मोठ्या बॅटलशिपपेक्षा वेगवान, साध्या क्रूझरपेक्षा दणकट, कडेला पोलादी पट्टा, आणि काम काय तर साम्राज्याचे समुद्री रस्ते राखायचे, व्यापारी बोटींवर हल्ला करणाऱ्याला गाठून बुडवायचं, आणि वेळ पडली तर मुख्य ताफ्याच्या पुढं जाऊन टेहळणी करायची. ब्रिटननं 1898 ते 1909 या काळात अशा 35 क्रूझर बांधल्या, क्रेसी वर्गापासून मिनोटॉर वर्गापर्यंत. वर्ग म्हणजे एकाच नमुन्यावर बांधलेली जहाजं. प्रत्येक वर्ग आधीच्यापेक्षा मोठा, जास्त तोफांचा आणि अर्थात जास्त महाग. डिफेन्स ही त्यातली अगदी शेवटच्या तिघींपैकी, 14,600 टनांची, 519 फूट लांब.

आता ड्रॉइंगकडे येऊ. जहाज बांधून पूर्ण झालं की ते प्रत्यक्षात जसं बनलं तसं नेमकं कागदावर उतरवायचं, अशी ब्रिटिश गोद्यांची पद्धत होती, त्याला ॲज फिटेड ड्रॉइंग म्हणतात. कापडावर चिकटवलेला लांबच लांब कागद, वेगवेगळ्या रंगांच्या शाई, आणि नंतर जहाजात काही बदल झाला की तोही त्याच कागदावर वेगळ्या रंगात भरायचा. लंडनमधल्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे अशा ड्रॉइंगचा प्रचंड मोठा साठा आहे. एक माणूस हातात रूळिंग पेन घेऊन प्रत्येक बॉयलर, प्रत्येक शिडी, प्रत्येक कोळशाची कोठी, ॲडमिरलच्या केबिनमधलं फर्निचरसुद्धा काढतोय, आणि ते इतकं स्वच्छ की आजही त्यावरून मॉडेल बनवता येतं. मला हे काम जहाजांइतकंच मोठं वाटतं, खरंच सांगतो.

आर्गाइलचं ड्रॉइंग घ्या. डेव्हनशायर वर्ग, 10,850 टन, 1905 मध्ये पूर्ण. चार 7.5 इंची तोफा, एक पुढं, एक मागं, आणि ब्रिजच्या दोन्ही अंगांना एकेक. बाकीच्या सहा 6 इंची तोफा कडेच्या चिलखती कोनाड्यांत, ज्याला कॅसमेट म्हणतात. त्यातल्या चार खालच्या डेकवर आहेत, आणि पाण्याची रेषा बघितली की लक्षात येतं की त्या किती खाली आहेत, समुद्र शांत असेल तरच त्या चालवता यायच्या, थोडा खवळला की लाटा थेट आत. उत्तर समुद्रात शांत दिवस किती मिळणार सांगा. हीच तक्रार पुढच्या वर्गातही झाली, म्हणून मग नेटाल आणि कॉक्रन यांच्या वेळी खालच्या 6 इंची तोफा काढूनच टाकल्या आणि त्यांच्या जागी वरच्या डेकवर टरेटमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या चिलखती बुरुजांत, चार 7.5 इंची बसवल्या. मुख्य तोफा सहा, 9.2 इंची, एक पुढं, एक मागं आणि चार कोपऱ्यांवर. त्या एका तोफेच्या गोळ्याचं वजन साधारण 172 किलो.

या चौघींना दुरून ओळखायचं कसं हा चित्र काढणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो कारण चौघींनाही चार धुराडी आहेत. मग कडेचे टरेट मोजायचे. डिफेन्सला एका बाजूला ओळीनं पाच छोटे टरेट, आणि पुढं-मागं दोन-दोन तोफांचे मोठे टरेट. नेटाल-कॉक्रनला एका बाजूला चार, दोन मोठे आणि मध्ये दोन लहान. आर्गाइलला एकच. जुळ्या बहिणी असतील तर धुराड्यांवर रंगवलेले पट्टे बघायचे, ते त्यासाठीच असायचे. आणि रंगाचं म्हणाल तर फोटोवर विसंबायची सोय नाही, कारण त्या काळच्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नसे, लाल एकदम काळपट येतो आणि निळा फिकट. नेव्हीच्या निशाणावरचा लाल क्रॉस जुन्या फोटोत काळा दिसतो तो त्यामुळं. म्हणून चांगला चित्रकार फोटोवरून आकार घेतो आणि रंगासाठी नोंदी शोधतो.

ड्रॉइंगमध्ये सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्लीय बघा, कोळशानं. साधारण 2,000 टन कोळसा पोटात, आणि तो भरायचा हातानं. अख्खं जहाज कामाला लागायचं, पोती भरायची, वर ओढायची, कोठीत ओतायची, आणि कोठीच्या आत उभं राहून फावड्यानं कोपऱ्यापर्यंत पसरवायची, नाकातोंडात काळी धूळ, नंतर परत सगळं जहाज धुवायचं. एवढं करून वेग 23 नॉट, म्हणजे तासाला 23 सागरी मैल.

आणि इथंच गाडी अडली. डिफेन्स 1905 च्या फेब्रुवारीत बांधायला घेतली, 1909 मध्ये पूर्ण झाली, आणि त्याच्या आधीच 1908 मध्ये इन्व्हिन्सिबल वर्गाची पहिली बॅटलक्रूझर नेव्हीत दाखल झालेली होती. आठ 12 इंची तोफा, टर्बाइन इंजिन, 25 नॉट. म्हणजे डिफेन्सला पळून तिच्यापासून सुटता येणार नाही आणि थांबून लढताही येणार नाही. एवढी सुंदर, महागडी जहाजं पाण्यात उतरता उतरताच जुनी झाली. मुंबईत आली तेव्हा ती दिसायला दिमाखदार होती यात शंका नाही, पण ज्यांना नेव्हीतलं कळत होतं त्यांना तेव्हाच माहिती होतं की खऱ्या लढाईत यांचं अवघड आहे.

ते किती अवघड होतं हे 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर कळलं. 22 सप्टेंबरला सकाळी अबुकीर, होग आणि क्रेसी या तिन्ही जुन्या क्रूझर यू-9 या एकाच जर्मन पाणबुडीनं दीड तासाच्या आसपास बुडवल्या, 1,459 माणसं गेली. योगायोग असा की त्याच दिवशी रात्री एम्डन या जर्मन क्रूझरनं मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. एम्डनच्या मागावर हिंदी महासागरात जी जहाजं फिरत होती त्यात हॅम्पशायर होती, आपल्या आर्गाइलचीच सख्खी बहीण, आणि पुढं 5 जून 1916 ला लॉर्ड किचनेरना रशियाला घेऊन निघालेली हॅम्पशायर ऑर्कनीजवळ सुरुंगावर आदळली, 12 जण वाचले फक्त. 1902 ते 1909 इकडं भारतात सरसेनापती होते तेच हे किचनेर. नोव्हेंबर 1914 मध्ये चिलीच्या किनाऱ्यासमोर कोरोनेलच्या लढाईत गुड होप आणि मॉनमथ या चिलखती क्रूझर तर सगळ्या खलाशांसकट गेल्या.

आता आपल्या पाच जणांकडे.

आर्गाइल पहिली. 28 ऑक्टोबर 1915, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वादळी रात्र, जहाज रोसाइथकडे निघालेलं. वाटेत बेल रॉक नावाचा खडक, आणि त्यावर दीपगृह आहे, शंभर वर्षांहून जुनं, पण युद्धामुळं त्याचा दिवा बंद ठेवलेला, कोणी मागितला तरच लावायचा. आर्गाइलनं मागितला होता. पण दीपगृहात वायरलेस नव्हता, निरोप बोटीनं पोचवावा लागायचा, आणि त्या हवेत बोट पोचू शकली नाही. जहाज सरळ खडकावर चढलं. 655 माणसं होती आणि सगळीच्या सगळी वाचली, हॉर्नेट आणि जॅकल या दोन डिस्ट्रॉयरनी, म्हणजे छोट्या वेगवान लढाऊ जहाजांनी, त्या लाटांत जवळ जाऊन काढली. त्या डिस्ट्रॉयरवाल्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

नेटालचं मात्र सांगताना जड जातं. ही तीच नेटाल, जिनं 1912 च्या अखेरीस अमेरिकेचे राजदूत व्हाइटलॉ रीड यांचं पार्थिव न्यूयॉर्कला नेलं होतं. 30 डिसेंबर 1915 ला ती क्रोमार्टीच्या खाडीत नांगरलेली होती, सुट्टीचे दिवस, कॅप्टननं जहाजावर सिनेमाचा कार्यक्रम ठेवलेला, ऑफिसरांच्या घरची मंडळी, लहान मुलं, हॉस्पिटल शिपवरच्या काही नर्स असे पाहुणे आलेले. दुपारी साडेतीनच्या सुमारास मागच्या बाजूला एकामागून एक स्फोट झाले आणि पाचेक मिनिटांत जहाज पालथं झालं. मेलेल्यांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत 390 ते 421 असा आहे. आधी पाणबुडीचा संशय आला, पण पाणबुडे खाली गेले तेव्हा दिसलं की पत्रा आतून बाहेर फुटलाय, आणि चौकशीत निष्कर्ष निघाला की दारूगोळ्याच्या कोठारातच स्फोट झाला, बहुधा खराब झालेल्या कॉर्डाइटमुळं. कॉर्डाइट म्हणजे तोफेत गोळ्यामागं भरायची दारू, ती जुनी झाली किंवा गरम जागी राहिली की आपोआप पेट घेऊ शकते. ड्रॉइंगमध्ये ही कोठारं तुम्हाला सहज सापडतील.

मेडिना राजाला परत सोडून पुन्हा प्रवासी बोट झाली. पी अँड ओच्या बोटींवर तेव्हा डेकवर रत्नागिरीकडचे आणि सलूनमध्ये गोव्याचे लोक मोठ्या संख्येनं काम करायचे, हेही या निमित्तानं सांगून ठेवतो कारण या इतिहासात त्यांचं नाव फार कमी येतं. 28 एप्रिल 1917 ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, घर अगदी तोंडावर आलेलं असताना, यूबी-31 पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला, सहा जण गेले. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड कारमायकेल यांचं सामान तिच्यात होतं, त्यातलं काही 1980 च्या दशकात समुद्रातून वर काढलं.

कॉक्रन तर जटलंडच्या लढाईतून, म्हणजे 1916 मध्ये उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांची जी मोठी लढाई झाली तिच्यातून, एकही गोळा न खाता सुटली. पुढं रशियात मुर्मान्स्कपर्यंत जाऊन आली. 11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध थांबलं आणि 14 नोव्हेंबरला ही लिव्हरपूलच्या मर्सी नदीच्या मुखात रुतली. निघालीच नाही, पुढच्या वर्षी जूनपर्यंत तिला तिथल्या तिथं मोडून काढलं.

राहिली डिफेन्स. 31 मे 1916, जटलंड. रिअर ॲडमिरल सर रॉबर्ट आर्बथनॉट यांच्या हाताखाली फर्स्ट क्रूझर स्क्वॉड्रन, डिफेन्स सगळ्यात पुढं, मागं वॉरियर. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर त्यांना वीसबाडेन ही पंगू झालेली जर्मन क्रूझर दिसली आणि आर्बथनॉट तिला संपवायला थेट घुसले, इतके घाईनं की ब्रिटिश ॲडमिरल बीटी यांच्या लायन या जहाजाला टक्कर टाळायला वळावं लागलं. आणि धुक्यातून समोर आली ती जर्मन मोठी जहाजं, डेरफ्लिंगर आणि तिच्यासोबत बॅटलशिप, अगदी जवळ. डिफेन्सवर लागोपाठ दोन सॅल्व्हो, म्हणजे एकदम डागलेल्या गोळ्यांच्या फैरी, पडल्या.

इथं परत ड्रॉइंग उघडा. डिफेन्सच्या कडेला ते पाच टरेट ओळीनं आहेत ना, त्यांना दारूगोळा पोचवायला जहाजाच्या पोटातून दोन्ही बाजूंनी लांब बोळ काढलेत, मागच्या कोठारापासून पुढच्या बाजूपर्यंत. सोयीसाठी काढलेत, दहा टरेटना गोळे पुरवायचे तर दुसरा मार्ग काय. पण मागचं 9.2 इंची तोफांचं कोठार उडालं तेव्हा आग त्याच बोळांतून पुढं पळाली आणि 7.5 इंचीची कोठारं एकामागून एक उडत गेली. सहा वाजून वीस मिनिटांनी डिफेन्स संपली. साधारण 900 माणसं, एकही वाचलं नाही. वॉरियर कशीबशी बाहेर पडली, एन्गेडीन या ब्रिटिश जहाजानं तिला ओढत न्यायचा प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं उतरवून घेऊन तिला सोडून द्यावं लागलं. त्याच स्क्वॉड्रनमधली ब्लॅक प्रिन्स त्या रात्री जर्मन ताफ्यात चुकून शिरली आणि तीही सगळ्यांसकट गेली. आर्बथनॉट यांना बेफिकीर म्हणणारे बरेच आहेत, पण माझं मत असं की 6 इंचाचं चिलखत घालून या जहाजांना मुख्य ताफ्याच्या लढाईत नेलं हीच मूळ चूक होती, आणि ती एकट्या माणसाची नव्हती.

बघणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की डिफेन्सच्या चिंधड्या झाल्या, काही उरलं नाही, आणि पंच्याऐंशी वर्षं सगळ्यांनी ते मानलं. 2001 मध्ये बुडालेल्या जहाजांचे अभ्यासक इनेस मॅकार्टनी आणि त्यांचे सहकारी उत्तर समुद्रात त्या जागी खाली गेले तर डिफेन्स तळाशी सरळ बसलेली सापडली, टोकांकडं मोडलेली, पण मधला भाग बराच शाबूत, कडेचे 7.5 इंची टरेट ओळखू येतील असे जागेवर. ती आता ब्रिटनच्या लष्करी अवशेषांच्या कायद्याखाली संरक्षित जागा आहे, डायव्हरना बघता येतं, पण हात लावायचा नाही आणि आत शिरायचं नाही.