एका भाकरीत 6 अलंकार

नमस्कार मंडळी! 'उपमेय कुठलं नि उपमान कुठलं, तेच कळत नाही,' हे दहावीच्या मुलांचं कायमचं रडगाणं. चूक त्यांची नाही, नावंच जुळ्या भावांसारखी आहेत. (बघा, बोलता बोलता उपमा होऊन गेली!)

म्हणून आज ही ज्वारीची भाकरी घेऊनच बसलोय. कडेला जरा करपलीय, चालवून घ्या.

'भाकरी चंद्रासारखी गोल आहे.' आता सांगा, पोट कशाने भरणार? भाकरीने. जी खरोखर ताटात आहे, जिच्याबद्दल बोलणं चाललंय, ती उपमेय. चंद्र आपण उसना आणला, तो उपमान. दोघांत सारखा असलेला गोलपणा हा समान धर्म आणि 'सारखी' हा साधर्म्यवाचक शब्द. चारही हाती लागले, झाली उपमा.

'भाकरी म्हणजे जणू चंद्रच!' ही उत्प्रेक्षा. जणू, गमे, वाटे, भासे असे शब्द आले की इकडे बघायचं.

'ही भाकरी नव्हे, हा तर चंद्र!' इथे उपमेय चक्क नाकारलं. ही अपन्हुती. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा: लपवणं.

'हिच्यापुढे चंद्रही फिका', म्हणजे उपमेय वरचढ. हा व्यतिरेक. आणि 'या भाकरीसारखी हीच' म्हटलं की अनन्वय, कारण तुलनेला दुसरं कुणी उरलंच नाही.

रूपक मुद्दाम मागे ठेवलं. नारायण सुर्वे लिहितात, 'भाकरीचा चंद्र'. फक्त दोन शब्द. 'सारखा' नाही, 'जणू' नाही, 'नव्हे' नाही. उपमेय आणि उपमान असे एकजीव झाले, की रूपक.

इथे समान धर्म कोणता? मुलं पटकन लिहितात, गोलपणा. तेवढ्यावर थांबू नका. चंद्र डोळ्यांना दिसतो, पण हाताला लागत नाही. गिरणीत राबलेल्या या कवीला भाकरीही तशीच दिसली, समोर आणि तरीही लांब. मला विचाराल तर कवितेतला खरा समान धर्म हा. गोलपणा काय, ताटलीतही असतो.

पुढच्या व्हिडिओत चेतनगुणोक्ती घेऊ, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते तो अलंकार. उदाहरण दुसरं शोधावं लागेल, कारण ही भाकरी काही तोवर टिकायची नाही.