डॉक्टर, जेवलात का?

श्रोतेहो, नमस्कार.

एका सरकारी रुग्णालयात मी हाउसमन, म्हणजे शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारा निवासी डॉक्टर होतो, तेव्हाची रात्र सांगतो. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस. सकाळी आठला ड्यूटीवर चढलो, तो दुसरी पहाट होत आली तरी पाठ टेकली नव्हती. मुलांच्या वॉर्डात एका बाळाचं इंजेक्शन लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळलो. मागून सिस्टर केसपेपर घेऊन आल्या. "हे जरा परत बघता?" ०.५ च्या जागी मी ५ लिहिलं होतं. दहापट डोस! घाईघाईनं खोडलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, जेवलात का?"

अभ्यास कच्चा होता म्हणून ती चूक झाली नव्हती. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चुकतो, असं १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेलात तर गाडी चालवणं गुन्हा आहे. वॉर्डाच्या दारात मात्र नळी घेऊन कुणी हवालदार उभा नसतो.

निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम नको, हे केंद्राच्या १९९२ च्या योजनेतच लिहिलंय. तरी छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या काही सुटल्या नाहीत. "आम्हीही हेच सोसलं," असं वरिष्ठ म्हणतात. मीही म्हणालोय, कबूल करतो. आणि तुमच्या आईबद्दल दोन शब्द विचारले की जो डॉक्टर तुमच्यावर खेकसतो, तो मुळात तुसडा असेलच असं नाही. कालपासून तो घरी गेलेला नसतो.

पण मला जास्त घोर आहे तो सिस्टरांचा. चूक पकडायची तर केसपेपर वाचायला उसंत हवी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांची एक पाहणी २००२ साली छापून आली. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेले रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली तिथं दिसली. एका रुग्णानं! आमच्या सिस्टरांकडे त्या रात्री चाळीस खाटा होत्या, खाली गाद्यांवरची मुलं वेगळीच.

पहाटे त्यांनी डब्यातली भाकरी माझ्या हातावर ठेवली, ड्यूटी रूममध्ये वीस मिनिटं आडवं व्हायला लावलं आणि तेवढा वेळ वॉर्ड एकट्यानं सांभाळला. त्या स्वतः जेवल्या होत्या का, हे मी विचारलंच नाही.