मीठ राखणारी ग्रंथी, मीठ सोडणारी गोळी

[दृश्य : पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरं, मे महिना]

पावसाच्या आत मीठ उचलायचं, म्हणून ही घाई. या उकाड्यात घामावाटे गेलेलं मीठ दुपारच्या पेजेतून परत येतं. उरलेलं शरीर राखतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात आणि मूत्रपिंड सोडियम अडवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं.

या ग्रंथी निकामी झालेले रुग्ण लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये नोंदवले. कमालीचा थकवा, क्षीण नाडी, काळवंडलेली कातडी. काहींच्या ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. आपल्याकडे क्षय आजही या आजाराचं एक कारण आहे.

[दृश्य : फार्मसीचं काउंटर, गोळ्यांची पाकिटं]

अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं १९५३ मध्ये. काही वर्षांतच त्याला अडवणारी लघवीची गोळी आली, स्पायरोनोलॅक्टोन. १९९९ च्या मोठ्या चाचणीत तीव्र हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर पडलेल्या) रुग्णांचे मृत्यू तिने ३० टक्क्यांनी घटवले. डॉक्टर ती सढळ हाताने लिहू लागले. मग २००४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओची आकडेवारी आली: रक्तात पोटॅशियम वाढून इस्पितळात येणारे रुग्णही वाढले होते. या रुग्णांच्या ग्रंथी तरी काम करत होत्या! अॅडिसनच्या रुग्णात आजार जे करतो, म्हणजे सोडियम घालवतो आणि पोटॅशियम साठवतो, तेच ही गोळी करते. वर अल्डोस्टेरॉनच्या जागी त्याला दिलेल्या फ्लुड्रोकॉर्टिझोन या औषधाचा गुणही मारते. म्हणून त्याला ती वर्ज्य.

[दृश्य : रस्त्याकडेला आडसरांचा ढीग]

चक्कर आली की आपल्याकडे पहिला उपाय शहाळ्याचं पाणी. त्यात सोडियम थोडं, पोटॅशियम भरपूर. एरवी उत्तम, पण या रुग्णाला नेमकं उलटं.

खरी फसगत निदानात होते. बीपीसाठी थायझाइड ही लघवीची गोळी घेणाऱ्याचं रक्तातलं सोडियम उतरलं, की दोष गोळीला देऊन सगळे मोकळे होतात. पण थायझाइडने पोटॅशियमही सहसा उतरतं. ते चढलेलं दिसलं, तर सोबतच्या दुसऱ्या गोळ्या तपासाव्यात आणि अॅडिसनचा आजार ताडण्यासाठी सकाळचं कॉर्टिसोल (याच ग्रंथींचं दुसरं संप्रेरक) मोजावं. ही तपासणी महागही नाही.

अॅडिसनच्या रुग्णाचं बीपी वाढलं, तर डॉक्टर आधी फ्लुड्रोकॉर्टिझोनचा डोस कमी करून पाहतात. भागलं नाही, तर बीपीची दुसरी गोळी जोडतात. फ्लुड्रोकॉर्टिझोन मात्र चालूच ठेवतात.