खुराड्याची कडी आणि गावातली कुत्री

मंडळी, आज मी रोगांवर बोलणार नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस कधी टोचायची, गिरिराज ही सुधारित जात घ्यावी की गावठीच ठेवावी, हे आपण पुष्कळदा ऐकलंय. पण घरामागच्या परड्यात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या काकींना विचारा, कोंबड्या कमी कशानं झाल्या? त्या आधी रोगाचं नाव घेत नाहीत. कुत्र्यांनी फाडल्या, मुंगसानं मारल्या, पिल्लं घारीनं उचलली, हेच ऐकायला मिळतं. बिबट्यानं शेळी नेली तर पंचनामा तरी होतो. कोंबडी गेली तर कुणी विचारायलाही येत नाही. अंड्यांचा पैसा मात्र थेट घरातल्या बाईच्या हातात येतो. पोरांच्या वह्या, एस.टी.चं तिकीट, स्वतःचं औषधपाणी, हे सगळं कुणापुढे हात न पसरता त्यातून भागतं. गावठी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अंड्यावर यायला सहा-सात महिने लागतात. तेवढे दिवस दाणापाणी करून वाढवलेला जीव एका रात्रीत जातो. म्हणून हा विषय मला फार मोलाचा वाटतो.

आधी चोर ओळखायला शिका. आपल्याकडे कोंबडी मेली की नाव मुंगसाचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. मुंगूस दिवसाचं जनावर आहे. रात्री ते बिळात झोपलेलं असतं. तेव्हा रात्रीत कोंबडी गेली असेल तर मुंगसाला दोष देण्यात अर्थ नाही. भर दुपारी, घरात सामसूम असताना, मान चावलेली कोंबडी गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, सापडली, तर मात्र संशय घ्यायला जागा आहे.

रात्रीचे पाहुणे वेगळे. रानमांजर कोंबडी उचलून घेऊन जातं, मागे फक्त पिसांची एक माळ राहते, ती रानाच्या दिशेनं जाते. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, वरून येतो. तो आपल्या माळ्यावरच राहणारा प्राणी, त्यामुळे कौलांतली फट त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. पिसं नाहीत, रक्त नाही, अंडी मात्र गायब आणि एखादं पिल्लू कमी, तर साप किंवा घूस समजा. दिवसा असं झालं तर घोरपड आणि कावळाही धरा. भारद्वाजही अंडी आणि पिल्लं सोडत नाही, आपण त्याला कितीही शुभ मानलं तरी.

आणि कुत्री? कुत्र्यांनी केलेलं काम लगेच कळतं. चार-पाच कोंबड्या एकदम मेलेल्या, पाठी आणि शेपट्या फाडलेल्या, पिसं अंगणभर, आणि खाल्लेली बहुतेक एकही नाही. कुत्रा भुकेसाठीच मारतो असं नाही. पळणारं, फडफडणारं काही दिसलं की त्याला ते पकडावंसं वाटतं, आणि दोन-तीन कुत्री एकत्र आली की ती थांबत नाहीत. रानातलं जनावर सहसा एखादी कोंबडी नेतं, कुत्री अख्खं खुराडं रिकामं करतात. म्हणून आपल्या गावांत सगळ्यात मोठा धोका रानाकडून नाही, वाडीतूनच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता खुराड्याकडे वळू. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दांडीवर बसलेली कोंबडी रात्री पळत नाही, लढत नाही, बसल्या जागी मारली जाते. म्हणून रात्रीचं घर पक्कं असलं की निम्म्याहून जास्त काम झालं. बाजारात मिळणारी ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो. पैसे खर्च करायचेच असतील तर वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी, घ्या, भोक अर्ध्या इंचाचं. महाग पडते, म्हणून सगळीकडे लावू नका. खालचे दोन फूट जांभ्याचे चिरे रचून घ्या, जाळी फक्त वर, हवेसाठी. हवा हवीच. कोंदट खुराड्यात कोंबड्या सर्दीनं जातात, मग चोराची गरजच उरत नाही.

जमीन कोब्याची असेल तर घूस खालून येत नाही. कोबा परवडत नसेल तर खुराडं खांबांवर दीड-दोन फूट उंच करा आणि प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्रा गुंडाळा, म्हणजे घूस-उंदीर सहज चढत नाहीत. मातीवरच खुराडं असेल तर भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं दीड-दोन फूट जाळी जमिनीवर आडवी अंथरा, कडेला चिरे ठेवा, वर माती टाका. कुत्रा किंवा कोल्हा उकरतो तो अगदी भिंतीच्या पायाशी. तिथं नखाखाली जाळी लागली की तो सोडून देतो. चार पावलं मागे जाऊन उकरावं, हे त्याला सहसा सुचत नाही.

कौलांखाली जाळी ठोकायला विसरू नका. भिंती चिरेबंदी आणि वर नुसती कौलं, अशी खुराडी मी खूप पाहिली आहेत, आणि कांडेचोर नेमका तिथूनच उतरतो. खुराडं गडग्याला टेकून बांधू नका. गडग्याच्या फटींत सापाचं, मुंगसाचं, घुशीचं घर असतं. पाच-सहा फूट मोकळी जागा सोडा आणि ती झाडून स्वच्छ ठेवा. उघडी जागा ओलांडायला ही जनावरं बिचकतात.

आणि कडी. दार नुसतं लोटून दगड लावणं, सुतळी बांधणं, हे चालायचं नाही. लोखंडी कडी आणि तिच्यात अडकवलेला खिळा, एवढं पुरे. दिवेलागणीआधी कोंबड्या मोजून आत घ्यायच्या, मोजूनच. एखादी आंब्यावर बसली असेल तर ती त्याच संध्याकाळी कळली पाहिजे. टीव्हीवरची मालिका संपल्यावर कडी लावू म्हणाल, तर रानमांजर तोवर थांबत नाही.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर तिच्या घरट्यात अंधारात हात घालू नका. विजेरी घ्या, आधी बघा. अंड्यांच्या आणि उंदरांच्या वासावर नाग येतो, धामण येते. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, काठी उचलू नका. उंदीर खाणारं ते जनावर भातशेतीत आपल्या कामाचं आहे.

दिवसाची राखण सोपी आहे, कारण ती अर्धी कोंबडाच करतो. त्याचा आवाज ऐकायला शिका. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की तो एक लांब, बारीक, ताणलेला सूर काढतो आणि सगळी पिल्लं जागच्या जागी दबतात किंवा झुडपात शिरतात. जमिनीवरून कुत्रा, मुंगूस आलं तर वेगळा, तुटक, कट-कट-कटाक असा आवाज सुरू होतो आणि तो थांबत नाही. हा दुसरा आवाज ऐकला की हातातलं काम टाकून बाहेर या. पिल्लांसाठी परड्यात आडोसा हवा. अबोली, कोरांटीची झुडपं राखा, नाहीतर फांद्यांचा ढीग करून ठेवा. पहिले तीन-चार आठवडे पिल्लं डालग्याखालीच बरी.

किनाऱ्यावरच्या गावांत परड्यावर जुनं मासेमारीचं जाळं ताणतात. घारीसाठी उत्तम आहे. पण ते जमिनीपर्यंत सोडू नका. खाली लोंबणाऱ्या जाळ्यात साप अडकतात, सुटायच्या धडपडीत दोरा अंगात रुततो आणि तडफडून मरतात. जाळं वरच राहू द्या.

आता कुत्र्यांचं बोलू. गावात मोकाट म्हणून फिरणारी बरीचशी कुत्री कुणाची ना कुणाची असतात. दिवसा एका पडवीत भाकरी खातात, रात्री सुटतात. काही वेळा तर घरचाच कुत्रा शेजारच्या कोंबड्या मारतो, कुंपणच शेत खातं. ज्यानं कुत्रा पाळला त्यानं तो रात्री बांधावा, हे आपण एकमेकांना तोंडावर सांगायला शिकलं पाहिजे. भांडण होईल म्हणून गप्प बसणारी बाईच दरवेळी कोंबड्या गमावते. पिल्लू असल्यापासून कोंबड्यांमध्ये वाढलेला, पहिल्याच झडपेला दरडावलेला कुत्रा बहुधा त्यांना हात लावत नाही, उलट राखतो. एकदा मारायची सवय लागली की मात्र मोडणं अवघड.

कुत्री वाढतात ती उकिरड्यावर. चिकनच्या दुकानातली आतडी-पिसं ओढ्यात फेकली जातात, मेलेली कोंबडी आपण गडग्यापलीकडे भिरकावतो. तीच चव घेऊन कुत्री परड्यात येतात. मेलेली कोंबडी खोल पुरा, वर चुना टाका. आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, हे विसरू नका. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यांच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबानं सुमारे ३९ टक्के. उकिरडा मोठा तितकी कुत्री जास्त, आणि कुत्री जास्त तितका बिबट्या घराजवळ.

काही जण चिडून विष घालतात. शेतातलं कीटकनाशक मटणाच्या तुकड्यात घालून ठेवतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. ते मटण कुत्रा खाईल, शेजारचं मांजर खाईल, घार खाईल, आणि अंगणात खेळणारं पोरही हात लावेल. तो गुन्हाही आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं रानमांजर, मुंगूस, घोरपड यांना संरक्षण आहे, कुत्र्याला मारणंही कायद्यात बसत नाही. आणि चार कुत्री मारली तर उकिरड्यावर दुसरी चार येतात.

२०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, त्यात ग्रामपंचायतही आली. नसबंदीनं कुत्रा कोंबडीमागे धावायचा लगेच थांबणार नाही, हे खरं. पण दरवर्षी पिल्लांची नवी फौज येणं थांबेल, आणि लसीनं माणसंही वाचतील. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. पुढच्या सभेत तिघींनी मिळून लेखी अर्ज द्या: चिकनच्या दुकानातला कचरा पुरण्यासाठी खड्डा, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण, पाळलेली कुत्री रात्री बांधण्याचा ठराव. अर्जाची पोच घ्या आणि इतिवृत्तात विषय लिहिला गेला की नाही, ते वाचून मगच सही करा.