वेशी पडल्या, नावं राहिली

नमस्कार श्रोतेहो. आपल्या कोल्हापुरात एखाद्या पाहुण्यानं गंगावेशीत उभं राहून विचारलं, "वेस कुठाय हो?" तर आपल्याला दाखवता यायची नाही. तट पडला, दरवाजा गेला. तरी रिक्षात बसून 'गंगावेश' किंवा 'रंकाळा वेश' म्हटलं की रिक्षावाला बरोबर तिथंच आणून सोडतो.

आणि या वेशी तशा अलीकडच्याच. त्याच्या कितीतरी आधी इथं सहा वेगळ्या वस्त्या होत्या: ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर. नावं नुसती ऐका. कुठं देव, कुठं तळं. जिथं पाणी आणि देऊळ, तिथं माणूस टेकला.

मला सगळ्यांत ओढ ब्रह्मपुरीची. पंचगंगेच्या काठावरचं ते टेकाड. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं खणलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं हाती आली. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्तीही तिथंच मिळाली. समुद्र ओलांडून, घाट चढून ती आपल्या नदीकाठी आली. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या टेकाडावरच्या माणसांचा व्यवहार केवढा लांबवर असेल! टाउन हॉलच्या संग्रहालयात जाल तेव्हा तिच्यापुढं जरा थांबा.

पुढं अंबाबाईच्या देवळाभोवती वस्ती दाटत गेली आणि ही गावं एकमेकांना भिडली. १७८२ मध्ये राजधानी पन्हाळ्यावरून खाली आली, १८५४ मध्ये नगरपालिका झाली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, तेव्हा शहर तटाबाहेर चांगलंच पसरलं. तळी मात्र बुजत गेली. आज आपण कपिलतीर्थाच्या मंडईत भाजी घेतो, तिथं एके काळी खरोखरच तीर्थ होतं, पाणी होतं. याचं मला वाईट वाटतं. रंकाळा राहिला, हे आपलं नशीब.

माझी आजी उत्तरेश्वर पेठेतली. अंबाबाईच्या देवळापुढच्या महाद्वार रोडला निघाली की पदर सारखा करून म्हणायची, "जरा गावात जाऊन येते रे." पंधरा मिनिटांची वाट. लहानपणी मला कळायचं नाही, की आपण गावातच राहतो, मग आजी कुठल्या गावाला निघाली?